घरी तुमच्यासोबत कोण आहे?

माझा नवरा वर्षातून दोनदा मरायचा, त्या त्या दिवशी चाळीस-पन्नास वेळा, आणि त्याचं मला मानधन मिळायचं.

हे असं सांगितलं की माणसं आधी दचकतात, मग हसतात. तेव्हा नीट सांगते. नव्या डॉक्टरांना परवाना मिळण्याआधी एक प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. लांबलचक कॉरिडॉर, त्याला ओळीनं खोल्या, आणि प्रत्येक खोलीत एक खोटा रुग्ण बसवलेला. एकीत पोटदुखी, एकीत खोकला, एकीत चक्कर. माझ्या खोलीत मात्र रुग्ण नसायचा. तो आधीच मेलेला असायचा, आणि मी त्याची बायको. उमेदवारानं आत येऊन मला ती बातमी द्यायची.

त्यासाठी मला एक कार्ड मिळायचं. मी शिवणकाम करते. माझ्या नवऱ्याचं आज किरकोळ ऑपरेशन आहे. सकाळपासून मला कोणी काही सांगितलेलं नाही. उमेदवारानं ‘मृत्यू’ हा शब्द उच्चारला की मी रडायचं, त्याआधी डोळ्यांत टिपूसही येऊ द्यायचं नाही. शेवटी तो विचारेल, “घरी तुमच्यासोबत कोण आहे?” त्यावर म्हणायचं, “कोणी नाही.” मग घंटा वाजायची. उमेदवार पुढच्या खोलीतल्या खोकल्याकडे पळायचा, मी डोळे पुसून घोटभर पाणी प्यायचे, कोपऱ्यातल्या परीक्षक बाई मार्क मांडायच्या आणि दारात पुढचा हजर.

हे काम मला मिळालं ते रडण्यावर. तरुणपणी हौशी नाटकांत कामं केली, पण दासीच्या पुढे मला कुणी कधी सरकू दिलं नाही. रडणं तेवढं माझं बिनतोड. हवं तेव्हा सुरू, हवं तेव्हा बंद. नवरा म्हणायचा, “लग्न झाल्यापासून घरात फुकट करत आलीस, आता चार लोकांत कर.”

उमेदवार सगळे एकाच गाइडवर पोसलेले. पिवळ्या मुखपृष्ठाचं जाडजूड गाइड, क्लासवाल्यांनी काढलेलं. वाईट बातमी कशी द्यावी याच्या त्यात पायऱ्या होत्या. खुर्ची जवळ ओढा आणि बसा, उभ्यानं सांगू नका. विचारा, “तुम्हाला आतापर्यंत काय सांगण्यात आलंय?” मग इशारा द्या, “बातमी चांगली नाही.” मग शब्द उच्चारा. ‘ते गेले’, ‘ते राहिले नाहीत’ असं गोलगोल बोलू नका, ‘मृत्यू झाला’ असंच म्हणा, नाहीतर मार्क कापले जातील. मग गप्प बसा. आणि शेवटी घरी कोण आहे ते विचारा.

त्या गाइडनं मला अगदी वीट आणला होता. प्रत्येक जण तेच बोलणार, त्याच सुरात. “मला कल्पना आहे, हे ऐकणं तुमच्यासाठी खूप कठीण आहे.” कल्पना कसली डोंबलाची! एकानं खुर्ची जवळ ओढायची म्हणून इतकी जवळ ओढली की त्याचा गुडघा माझ्या मांडीवर आला. एक जण गप्प बसायच्या पायरीवर टेबलाखाली बोटं मोजत होता, ओठ हलताना मला दिसत होते. एकानं घाईत आधी नवरा मारून टाकला आणि मग विचारलं, “तुम्हाला आतापर्यंत काय सांगण्यात आलंय?” मी म्हटलं, “आत्ताच तुम्हीच सांगितलंत की.” परीक्षक बाईंना हसू आवरेना.

गंमत म्हणजे ते गाइड छापलं जायचं माझ्या नवऱ्याच्याच छापखान्यात. तो तिथे मुद्रितं तपासायचा. आयुष्य त्यात गेल्यामुळे चष्मा असा जाड, की तो काढला तर समोर मी उभी आहे की कपाट, हे त्याला आवाजावरून ठरवावं लागे. त्या गाइडचं पान न पान त्यानं वाचलं होतं. बांधणीत चुकलेली एक प्रत तो घरी घेऊन आला. तिची शेवटची पानं उलटी बांधली गेली होती.

त्या प्रतीवर आमच्या तालमी चालायच्या. घरात आम्ही तिघंच, नवरा, मी आणि सासरे. सासऱ्यांना आम्ही अप्पा म्हणतो. नवरा त्यांचा एकुलता एक. अप्पा वायरमन म्हणून निवृत्त झाले, आणि घरातले सगळे दिवे दुरुस्त करून झाल्यावर त्यांना काही उद्योग उरला नाही. म्हणून परीक्षेच्या हंगामात ते माझे डॉक्टर व्हायचे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेला ठेवायचा, त्यात चमचा. ती घंटा. अप्पा नाकावर चष्मा चढवून, घसा खाकरून, बातम्या सांगणाऱ्या माणसाच्या आवाजात गाइड वाचायचे. शेवटची पायरी आली की पुस्तक उलटं धरायचे, कारण ते पान उलटं.

“घरी तुमच्यासोबत कोण आहे?”

“कोणी नाही,” मी हुंदके देत म्हणायचे.

“कोणी नाही? मग मी काय भिंतीवरचं कॅलेंडर आहे?”

“अहो, कार्डावर तसं लिहिलंय.”

“कार्ड लिहिणाऱ्याला म्हणावं, एकदा घरी येऊन बघ.” आणि ते ठणकन पेल्यावर चमचा मारायचे.

हे दर वेळी व्हायचं. कधी लहर आली तर आम्ही भूमिका बदलायचो. मी डॉक्टर, अप्पा ती शिवणकाम करणारी बाई. खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर पदरासारखा घ्यायचे, आवाज चिरका करायचे आणि ‘मृत्यू’ ऐकायच्या आतच असा काही हंबरडा फोडायचे की शेजारीण दार वाजवून विचारून गेली होती. नवरा बाहेरच्या खोलीतून ओरडायचा, “अप्पा, तिथे पूर्णविराम आहे, थांबायचंय!” मग तोही आत यायचा आणि हसून हसून चष्म्याच्या काचा पुसत बसायचा.

गाइडवरून माझं आणि अप्पांचं कायम वाजायचं. माझं म्हणणं, मरण काय पाठ करायची गोष्ट आहे? ज्यानं चार माणसांना खरोखर सांगितलंय त्याला पायऱ्या लागत नाहीत, आणि ज्यानं सांगितलेलं नाही त्याला त्या पुरत नाहीत. अप्पांना हे मान्य नसे. वायरमनच्या परवान्याची परीक्षा त्यांनी गाइड घोकूनच दिली होती. वीज बंद केलीय असं कुणीही सांगितलं तरी आधी टेस्टर लावून बघायचं, हे वाक्य त्यात होतं. पुढे एकदा कारखान्यात आग लागली, सगळे आरडाओरडा करत होते, साहेब शपथेवर सांगत होता की वीज बंद आहे.

“डोकं काम करत नव्हतं माझं,” अप्पा म्हणायचे. “तेवढं एक वाक्य तोंडात आलं. टेस्टर लावला तर वीज चालू. अनुभव गं चांगलाच, पण तो डोकं ठिकाणावर असताना. ते जागेवर नसलं की घोकलेलंच धावून येतं.”

“वीज आणि माणूस एक का, अप्पा?”

“दोन्ही झटका देतात,” ते म्हणायचे, आणि चहा टाकायला सांगायचे.

नवरा कुणाचीच बाजू घ्यायचा नाही. तो म्हणायचा, मी फक्त काना-मात्रा बघतो.

मागच्या हंगामात एक मुलगी आली होती. बारीक अंगाची, घट्ट वेणी, कपाळाला घाम. दार उघडल्यापासून तिनं जो धोशा लावला तो पाढे म्हटल्यासारखा. एका दमात खुर्ची, प्रश्न, इशारा, मृत्यू. मी रडायला तोंड उघडेपर्यंत ती घरी कोण आहेपर्यंत पोचली होती. मधल्या सुट्टीत मी परीक्षक बाईंना म्हटलं, “ही पाढेवाली खऱ्या माणसासमोर गेली तर नातेवाईकालाही सोबत घालवेल.” बाई म्हणाल्या, “पायऱ्या सगळ्या झाल्यात हो. पास करावंच लागेल.” अप्पांना मी घरी येऊन तिची नक्कल करून दाखवली.

त्यानंतर काही महिन्यांनी नवऱ्याच्या पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, काढून टाकू, हल्ली किरकोळ काम आहे. ऑपरेशनची तारीख ठरली. आदल्या दिवशी सकाळी तपासण्यांसाठी भरती व्हायचं होतं. अप्पांचे गुडघे धड नव्हते, म्हणून ते घरीच राहिले. दारात ते मुलाला म्हणाले, “उद्या मी देवाला त्रास देणार नाही, पण तू फोन कर.” एवढंच.

दवाखान्यात गेल्यावर कळलं की त्या दिवशीचा एक रुग्ण आलाच नाही, जागा रिकामी आहे, आजच उरकून टाकू. आम्हालाही बरंच वाटलं. मी अप्पांना फोन लावायला निघाले तर नवऱ्यानं हात धरला.

“आत्ता नको सांगू. उगाच जीव टांगणीला लागेल त्यांचा. झालं की तू घरी जा आणि सांग. फोनवर नको, फोनवर त्यांना अर्धंच ऐकू येतं. समोर बसून सांग.”

“बरं,” मी म्हटलं.

मग त्यानं चष्मा काढून डबीत घातला आणि डबी माझ्या हातात दिली. “हा सांभाळ. बाहेर आल्यावर आधी खात्री करून घ्यायचीय की तूच आहेस. आणि इथे बसून रडायची प्रॅक्टिस करू नकोस, लोकांना खरं वाटेल.”

असं म्हणून तो गेला. चष्म्याशिवाय त्याचा चेहरा फार उघडा दिसत होता, झोपेतून उठवलेल्या मुलाचा दिसतो तसा. मी हात हलवला, पण त्याला तो दिसला नसणार.

बाहेरच्या बाकावर मी डबी मांडीवर ठेवून बसले. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बंद होतं, त्यामुळे किती वेळ गेला ते सांगता येत नाही. आधी बरोबरची माणसं बदलली, मग ती बदललेली माणसंही उठून गेली. मग आतलं दार उघडलं आणि हिरव्या टोपीतली एक बारीक अंगाची डॉक्टर बाहेर आली. तिनं माझ्या नवऱ्याचं नाव घेऊन विचारलं, त्यांच्या पत्नी आपणच का. टोपीखालून वेणीचं टोक दिसत होतं. मी तिला ओळखलं. पाढेवाली.

तिनं मला ओळखलं नव्हतं. “इकडे या,” म्हणून तिनं मला शेजारच्या खोलीत नेलं. टेबल, दोन खुर्च्या, टेबलावर कागदी रुमालांचा खोका. कोपऱ्यात परीक्षक बाई तेवढ्या नव्हत्या. मी माझ्या खुर्चीत बसले. तिनं समोरची खुर्ची जवळ ओढली.

खुर्चीचे पाय फरशीवर घासले तो आवाज माझ्या सवयीचा होता. त्या आवाजातच मला सगळं कळलं. पुढचं ती काय बोलणार, कोणत्या वाक्यानंतर कोणतं, ते मला तिच्याइतकंच पाठ होतं. एकच करता आलं असतं तर ते म्हणजे तिला ती खुर्ची परत मागे सरकवायला लावणं.

“तुम्हाला आतापर्यंत काय सांगण्यात आलंय?”

“आज ऑपरेशन आहे, किरकोळ,” मी म्हटलं. “सकाळपासून मला कोणी काही सांगितलेलं नाही.”

“बातमी चांगली नाही,” ती म्हणाली, आणि थांबली. पूर्णविराम होता तिथे थांबली. “ऑपरेशन चालू असताना त्यांचं हृदय बंद पडलं. आम्ही बराच वेळ प्रयत्न केले. ते परत सुरू झालं नाही. त्यांचा मृत्यू झाला.”

पाढ्यांचा सूर कुठेच नव्हता. ओल्या फरशीवरून चालावं तशी ती एकेका शब्दावर पाय टेकत आली होती. दोन्ही हातांनी तिनं टेबलाची कड धरून ठेवली होती, पण शब्द कुठे अडखळत नव्हते. ते शब्द तिचे नव्हतेच. पिवळ्या गाइडचे होते, माझ्या नवऱ्यानं तपासून दिलेले. ती त्यांना धरून होती. तेवढं धरायला नसतं तर ती पोरगी त्या खोलीत कोसळलीच असती, आणि मी तिच्याबरोबर.

मग ती गप्प बसली. आता माझी पाळी होती. इतकी वर्षं या शब्दावर माझे डोळे नळ सोडल्यासारखे वाहायचे, आणि आता टिपूस येईना. मी घंटेची वाट बघत होते. खरंच बघत होते. घंटा झाली की ही उठेल, मी पाणी पिईन, डबी घेऊन बाहेर जाईन आणि तो चष्मा मागेल. घंटा काही होईना. ती पोरगी समोर बसून राहिली, माझ्याकडे बघत, आणि तिची मला दया आली.

“नीट सांगितलंत,” मी म्हटलं.

तिनं चमकून बघितलं. माझा आवाज असेल किंवा ते वाक्य असेल, तिला ओळख पटली. तिचा चेहरा पार विस्कटला. डोळे भरले, ओठ दाबून धरले. पण तिनं शेवटची पायरी सोडली नाही.

“घरी तुमच्यासोबत कोण आहे?”

“कोणी नाही,” मी म्हटलं.

त्यानंतर मला त्याला बघू दिलं. त्याबद्दल मी सांगणार नाही. काही कागदांवर सह्या घेतल्या. बाकीचं व्हायला संध्याकाळ होईल, तोवर घरी जाऊन या म्हणाले. घरी कोणी नाही असं मी सांगितल्यामुळे डॉक्टरनं एक आया माझ्यासोबत दिली. चांगली बाई होती, टॅक्सीत तिनं माझं कोपर धरून ठेवलं होतं. वळणावर आमची इमारत दिसली, स्वयंपाकघराची खिडकी उघडी दिसली, आणि खिडकीत वाळत घातलेला अप्पांचा टॉवेल.

कोणी नाही काय? कार्डावरचं वाक्य मी खऱ्या तोंडानं बोलून आले होते. ज्या माणसाचा एकुलता एक मुलगा गेला होता तो वर बसला होता, उद्याच्या ऑपरेशनची काळजी करत. त्याला हे सांगायचं होतं, आणि ते काम नवरा मला नेमून देऊन गेला होता. समोर बसून सांग.

“तुम्ही जा,” मी आयाला म्हटलं. “वर माझे सासरे आहेत.”

“मग मघाशी...” ती म्हणाली. माझ्या पाठीवरून हात फिरवून ती परत गेली.

जिन्यात मी उभी राहिले. एवढ्या वेळा मरण ऐकलेली बाई त्या शहरात दुसरी नसेल. पण मला फक्त ऐकता येत होतं. सांगणं मी कधी केलंच नव्हतं, केलं ते अप्पांसमोर थट्टेनं. पहिल्या मजल्यावर मी ठरवलं की आत शिरताच त्यांच्या गळ्यात पडायचं. दुसऱ्या मजल्यावर ठरवलं की आधी तब्येत बिघडली म्हणायचं, मग हळूहळू. एकही वाक्य शेवटापर्यंत जाईना. ‘अप्पा’ म्हटलं की पुढे सगळी पाटी कोरी. उमेदवारांना नावं ठेवणारी मी, दाराच्या कडीवर हात ठेवून घोकत होते, खुर्ची ओढायची, बसायचं, विचारायचं.

अप्पा स्वयंपाकघरात टेबलाशी बसून रेडिओ उघडून त्याचे स्क्रू काढत होते. “आलीस? त्याला एकट्याला सोडून? तपासण्या झाल्या वाटतं,” ते रेडिओतून डोकं वर न काढता म्हणाले.

मी समोरची खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि बसले. फरशीवर आवाज झाला.

“तुम्हाला,” मी म्हटलं, “तुम्हाला आतापर्यंत काय सांगण्यात आलंय?”

अप्पांनी वर बघितलं. आणि त्यांचा चेहरा उजळला. परीक्षेचा हंगाम पुढच्याच आठवड्यात होता.

“अच्छा! आज तू डॉक्टर?” त्यांनी रेडिओ बाजूला सारला. “बरं केलंस. मीही सकाळपासून नुसता येरझाऱ्या घालतोय. थांब, घंटा राहिली.” गुडघ्यांवर हात टेकून ते उठले, पेला आणला, चमचा आणला, खिडकीतला टॉवेल ओढून डोक्यावर पदर घेतला. मी त्यांना थांबवायला हवं होतं.

“मी शिवणकाम करते हो, डॉक्टर,” ते चिरक्या आवाजात म्हणाले. “माझ्या नवऱ्याचं आज किरकोळ ऑपरेशन आहे. सकाळपासून मला मेलीला कोणी काही सांगितलेलं नाही!”

तीच वाक्यं. मी तासाभरापूर्वी बोलले होते ती.

“बातमी चांगली नाही,” मी म्हटलं.

अप्पांनी छाती पिटली. “अगं बाई गं! कसं होणार माझं! आता कुणाचे सदरे शिवू!” असा गळा काढला की रेडिओवरचा एक स्क्रू गडगडत खाली गेला. मग टॉवेलाच्या फटीतून एका डोळ्यानं माझ्याकडे बघितलं. या ठिकाणी मी हसायचे. कायम हसायचे. बाहेरच्या खोलीतून तोही हसायचा.

बाहेरच्या खोलीतून काही आवाज आला नाही.

“काय गं, डॉक्टर पुढचं विसरली वाटतं,” अप्पा म्हणाले, पण आवाज अर्धा त्या बाईचा आणि अर्धा त्यांचा झाला होता. त्यांची नजर माझ्या हातावर गेली. डबी मी अजून धरूनच होते.

“त्याचा चष्मा तुझ्याकडे कसा?”

मी डबी टेबलावर ठेवली.

“चष्म्याशिवाय तो काय करतोय तिथे?” ते म्हणाले. “ऑपरेशन उद्या ना?”

“आज केलं, अप्पा.”

त्यांनी डोक्यावरचा टॉवेल काढला. त्याची घडी घातली, मग त्या घडीची घडी. ती मांडीवर ठेवली आणि खुर्चीत ताठ बसले. खिडकीतून खाली कुणीतरी कुणाला हाका मारत होतं.

“बोल,” ते म्हणाले.

“अप्पा, तो...”

“गोलगोल नको.” त्यांचा आवाज एवढा लहान मी कधी ऐकला नव्हता. “मी टेस्टर लावल्याशिवाय मानणारा माणूस नाही. शब्द बोल.”

“त्याचा मृत्यू झाला,” मी म्हटलं.

आणि मग मी गप्प बसले. त्या पायरीला मी इतकी हसले होते, पण तिथे दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. अप्पांनी डबी उघडली. चष्मा काढून टॉवेलाच्या टोकानं आधी एक काच पुसली, मग दुसरी, उजेडात धरून बघितली, पुन्हा पुसली. डबीत ठेवला. डबी मिटली. त्यांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मुलाचं नाव असेल, मला ठाऊक नाही.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. उलटं धरायला पुस्तक नव्हतं.

“घरी,” ते म्हणाले, आणि घसा खाकरून पुन्हा सुरुवात केली, “घरी तुझ्यासोबत कोण आहे?”

“तुम्ही,” मी म्हटलं. “तुम्ही आहात, अप्पा.”

तेव्हा मला रडू आलं. ते माझ्या ओळखीचं रडू नव्हतं. सुरू कुठून झालं ते कळलं नाही, आणि बंद कसं करतात ते मला आठवेना. अप्पांचा हात टेबलावर पेल्याकडे गेला. सवयीनं मी त्या ठणक्याची वाट बघितली. त्यांनी पेल्यातला चमचा काढला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.

“रड,” ते म्हणाले. “आज घंटा नाही.”